कंडू, हिस्टामिन आणि निद्रा : इसबावरील एका औषधाच्या परीक्षेचा इतिहास

१

एखादे औषध एखाद्या रोगावर का दिले जाऊ लागले, याचा इतिहास शोधू गेल्यास पुष्कळदा असे आढळते की, औषधाचे नाव हेच त्याच्या उपयुक्ततेचे प्रमाण मानले गेले होते. हिस्टामिनविरोधी औषधांचा इसबाशी आलेला संबंध हे याचे एक बोधप्रद उदाहरण होय. १९४० ते १९५० या दशकात ही औषधे प्रचारात आली. हिस्टामिन त्वचेत टोचले असता खाज सुटते, हे तत्पूर्वीच माहीत झालेले होते. ही औषधे हिस्टामिनचे कार्य रोखतात, हेही प्रयोगांनी सिद्ध झालेले होते. इसबात रोग्याला अनावर खाज सुटते, हे तर सर्वांच्या अनुभवाचे होते. या तीन विधानांवरून ही औषधे इसबाची खाज थांबवितील, असे अनुमान काढले गेले आणि त्यानुसार चिकित्साही सुरू झाली. तिन्ही विधाने खरी होती. परंतु त्यांना जोडणारे चौथे विधान, म्हणजे इसबाची खाज हिस्टामिनमुळेच सुटते हे विधान, कोणी तपासलेले नव्हते. ते तपासण्यास जवळजवळ अर्धे शतक जावे लागले. या अर्धशतकात प्रश्न कसा बदलत गेला आणि त्याचे उत्तर कोणत्या मार्गाने मिळाले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

प्रारंभी शब्दांचा विचार करणे अवश्य आहे. कारण या इतिहासातील बराचसा गोंधळ शब्दांनीच निर्माण केलेला आहे.

खाज ही संवेदना सर्वांच्या परिचयाची असली, तरी तिची व्याख्या करणे सोपे नाही. सॅम्युएल हाफेनरेफर या जर्मन वैद्याने १६६० मध्ये केलेली व्याख्या आजही पाठ्यग्रंथांतून दिली जाते. खाजविण्याची इच्छा उत्पन्न करणारी अप्रिय संवेदना ती खाज, असा तिचा आशय आहे. ही व्याख्या संवेदनेचे स्वरूप सांगत नाही; संवेदनेनंतर होणारी क्रिया सांगून ती थांबते. दुखणे, जळणे, टोचणे यांना बाह्य जगातील उपमाने सापडतात. खाजेला तिच्या परिणामाखेरीज दुसरी ओळख नाही. पुढे औषधांची परीक्षा करणाऱ्यांपुढे जी मुख्य अडचण उभी राहिली, तिचे बीज या व्याख्येत आहे.

मराठीत या संवेदनेसाठी दोन शब्द विशेष रूढ आहेत. संस्कृत 'खर्जू' या शब्दापासून प्राकृतातील 'खज्जू' या रूपाच्या द्वारे 'खाज' हा शब्द आला आणि 'कण्डू' यापासून 'कंड' हा शब्द आला. क्रियापदांच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. 'खाजणे' या अकर्मक धातूचे प्रयोजक रूप 'खाजविणे' असे होते. रूपाप्रमाणे पाहता त्याचा अर्थ 'खाजावयास लावणे' असा व्हावयास पाहिजे. रूढ अर्थ मात्र खाज शमविण्यासाठी नखांनी घासणे असा आहे. व्याकरणदृष्ट्या हा विरोध वाटला, तरी इसबाच्या रोग्याच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे ठरतात. नखांनी त्वचा सोलवटते, सोलवटलेली त्वचा अधिक खाजते, आणि म्हणून रोगी पुन्हा खाजवितो. त्वचारोगतज्ज्ञ ज्याला खाज व खाजविणे यांचे चक्र म्हणतात, ते या एका क्रियापदात सामावलेले आहे.

रोगाच्या नावांचीही अशीच कथा आहे. आयुर्वेदात कुष्ठाच्या क्षुद्र प्रकारांत 'विचर्चिका' गणलेली असून, कंडू, पुटकुळ्या, श्यामवर्ण आणि पुष्कळ स्राव ही तिची लक्षणे चरकाने दिली आहेत. चरकसंहितेत औषधींचे जे पन्नास गण केलेले आहेत, त्यांत 'कण्डूघ्न' असा एक स्वतंत्र गण आहे. म्हणजे खाज हे रोगाचे केवळ एक लक्षण न मानता तिच्यावर वेगळी योजना करावी, हा विचार फार जुना आहे. युरोपीय वैद्यकातील 'एक्झिमा' हा शब्द उकळून बाहेर पडणे या अर्थाच्या ग्रीक धातूपासून झालेला आहे. सहाव्या शतकातील अमीडाचा एटियस हा वैद्य तो वापरतो, आणि एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी विलन व बेटमन यांनी त्वचारोगांचे वर्गीकरण केले, तेव्हा तो शास्त्रीय परिभाषेत स्थिर झाला. त्वचेवर जे दिसते त्यावरून हे नाव पडले. रोग्याला जे जाणवते त्याचा त्यात मागमूस नाही. बेनिए या फ्रेंच तज्ज्ञाने १८९२ मध्ये खाज हीच या रोगाची आद्य घटना असून त्वचेवरील विकृती मागून येते, असे प्रतिपादन केले आणि ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला.

विसाव्या शतकात आणखी एका नावाची भर पडली. काही कुटुंबांत दमा, गवताच्या परागांमुळे होणारे पडसे आणि इसब हे विकार एकत्र आढळतात. या प्रवृत्तीला नाव हवे होते. कोका आणि कुक या अमेरिकन संशोधकांनी १९२३ मध्ये 'अॅटोपी' हा शब्द योजला. तो त्यांना कोलंबिया विद्यापीठातील ग्रीक भाषेचे प्राध्यापक पेरी यांनी सुचविला होता. ज्याला ठिकाण नाही ते, विलक्षण ते, असा त्याचा अर्थ. १९३३ मध्ये वाइझ आणि सल्झबर्गर यांनी 'अॅटोपिक डर्मटायटिस' हे नाव प्रचारात आणले. या नामकरणाने इसबाचे स्थान बदलले. जो त्वचेचा रोग होता, तो अॅलर्जीच्या कुटुंबात दाखल झाला. आणि त्या कुटुंबातील इतर रोगांचे कारण ते इसबाचेही कारण असणार, ही समजूत त्याच्यामागून आली.

३

ते कारण म्हणजे हिस्टामिन असे त्या काळी मानले जात होते. विंडाउस आणि फोग्ट यांनी १९०७ मध्ये हा पदार्थ प्रयोगशाळेत तयार केला. इंग्लंडमध्ये बार्गर आणि डेल यांनी १९१० मध्ये तो अर्गट या बुरशीतून वेगळा केला आणि त्याच वर्षी डेल व लेडलॉ यांनी प्राण्यांवरील त्याच्या परिणामांचे वर्णन केले. १९२७ मध्ये बेस्ट, डेल, डडली आणि थॉर्प यांनी तो ताज्या फुप्फुसात व यकृतात असल्याचे दाखविले, तेव्हा हा शरीराचाच एक स्वाभाविक घटक आहे हे निश्चित झाले. 'हिस्टिडिन' या अमिनो आम्लाच्या नावाला 'अमाइन' जोडून हिस्टामिन हा शब्द बनला आहे, आणि हिस्टिडिनमध्ये शरीरातील ऊतक दर्शविणारा ग्रीक शब्द आहे.

त्याच १९२७ साली टॉमस लुईस यांचा त्वचेतील रक्तवाहिन्यांविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्वचेवर आघात झाला असता प्रथम तांबडी रेघ, मग तिच्याभोवती पसरणारी लाली आणि शेवटी गांध, अशी तीन टप्प्यांची प्रतिक्रिया उमटते, हे लुईस यांनी दाखविले. हिस्टामिन टोचले असता हुबेहूब हीच प्रतिक्रिया उमटते. म्हणून आघातानंतर त्वचेत हिस्टामिनसदृश द्रव्य सुटत असले पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष होता. गांधीबरोबर खाजही सुटते. अंगावर पित्त उठते तेव्हा नेमके असेच घडते. येथपर्यंत पुरावा आणि अनुमान यांचा मेळ उत्तम आहे. परंतु एक साधे निरीक्षण येथे नोंदविले पाहिजे. पित्तात गांधी उठतात आणि काही तासांत मावळतात. इसबात गांधी उठत नाहीत. त्वचा कोरडी, खरबरीत व जाड होते, चिघळते, आणि हा प्रकार महिनोन्महिने चालतो. दोन्ही रोगांत खाज आहे एवढ्यावरून दोन्हींची खाज एकच आहे असे ठरत नाही. भाषेत शब्द एक असल्यामुळे हा भेद कोणाच्या लक्षात आला नाही.

४

हिस्टामिनला रोखणारे पहिले द्रव्य पॅरिस येथील पाश्चर संस्थेत सापडले. डॅनियल बोव्हे आणि अॅन-मारी स्टॉब यांनी १९३७ मध्ये असे दाखविले की, ९२९ एफ या सांकेतिक नावाचे द्रव्य दिले असता गिनीपिग हिस्टामिनच्या मारक मात्रेतूनही वाचतो. ते द्रव्य माणसाला देण्याच्या दृष्टीने फार विषारी होते. १९४२ मध्ये हाल्पर्न यांनी अँटर्गन हे माणसाला देता येण्याजोगे पहिले औषध पुढे आणले. १९४४ मध्ये बोव्हे व त्यांच्या सहकाऱ्यांनी निओ-अँटर्गनचे वर्णन केले. आणि १९४६ मध्ये जॉर्ज रीव्हशल यांनी शोधलेले बेनाड्रिल अमेरिकेत विक्रीस आले. बोव्हे यांना १९५७ चे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात या कामाचा वाटा मोठा होता.

या औषधांचा एक गुण पहिल्यापासून सर्वांच्या लक्षात आला होता. ती घेतली की झोप येते. ती रक्तातून मेंदूत शिरतात आणि मेंदूतील हिस्टामिन, जे मनुष्याला जागे ठेवण्यास मदत करते, त्याचेही कार्य रोखतात, हे स्पष्टीकरण नंतरचे. त्या काळी हा एक उपद्रव समजला जाई. तो किती महत्त्वाचा होता याची साक्ष औषधांच्या वंशावळीतच मिळते : प्रोमेथाझिन या हिस्टामिनविरोधी औषधाच्या कुळातच संशोधन करताना १९५० मध्ये क्लोरप्रोमाझिन तयार झाले, आणि १९५२ पासून त्याने मनोरुग्णांच्या चिकित्सेत क्रांती घडविली. म्हणजे खाजेच्या औषधांची आणि मन शांत करणाऱ्या औषधांची नाळ एकच होती.

नवी औषधे मिळाल्यावर त्यांचा उपयोग सर्वत्र करून पाहण्याची लाट आली. अमेरिकेत ती सर्दीवरही विकली जाऊ लागली. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने यावर चाचणी घेतली आणि १९५० मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. काही रोग्यांना औषध आणि इतरांना दिसण्यात तशीच, परंतु औषध नसलेली गोळी देण्यात आली. कोणती गोळी कोणाला मिळाली हे रोग्याला वा तपासणाऱ्याला कळू नये अशी व्यवस्था होती. या निर्द्रव्य गोळीला प्लासिबो म्हणतात, आणि या व्यवस्थेला दुहेरी अंध पद्धत. दोन्ही गटांत सर्दी जवळजवळ सारख्याच प्रमाणात बरी झाली. सर्दी आपोआप बरी होते, या साध्या गोष्टीचा लाभ औषधाला मिळत होता. ही कसोटी इसबाच्या खाजेला लगेच लावली गेली असती, तर पुढील इतिहास निराळा झाला असता. तसे होण्यास एक अडचण होती : सर्दीचा कालावधी दिवसांत मोजता येतो, खाज कशात मोजावयाची?

५

खाज मोजण्याचे दोन मार्ग आहेत. रोग्याला विचारणे हा पहिला. ठराविक लांबीची एक रेघ काढून तिच्या एका टोकाला 'मुळीच नाही' आणि दुसऱ्या टोकाला 'कल्पनातीत' असे मानावयाचे आणि रोग्याने मध्ये खूण करावयाची, ही पद्धत आजही चालते. परंतु गुंगीत असलेला मनुष्य आपल्या खाजेची जी नोंद करील, ती खाज कमी झाल्याची की जाणीव मंदावल्याची, हे तिच्यावरून सांगता येत नाही. दुसरा मार्ग हाफेनरेफरच्या व्याख्येनेच सुचविलेला आहे : संवेदना मोजता येत नसेल, तर तिच्यामुळे घडणारी क्रिया मोजावी.

सॅव्हिन, पॅटर्सन आणि ऑस्वल्ड यांनी १९७३ मध्ये हा मार्ग धरला. त्वचारोगाच्या रोग्यांना रात्रभर मेंदूच्या विद्युत्-लहरींची नोंद करणाऱ्या यंत्राखाली झोपवून, ते झोपेत केव्हा व किती खाजवितात हे त्यांनी पाहिले. मनुष्य झोपेतही खाजवितो. परंतु झोप उथळ असेल तेव्हा जास्त आणि गाढ असेल तेव्हा पुष्कळच कमी, असे दिसून आले. दोन वर्षांनी फेलिक्स आणि शुस्टर यांनी रात्री होणाऱ्या हातापायांच्या हालचाली मोजणारी उपकरणे रोग्यांना बांधून खाजेच्या औषधांची परीक्षा सुरू केली.

या शोधाचे महत्त्व दुहेरी आहे. एक तर खाजेला रोग्याच्या शब्दाबाहेरचे माप मिळाले. दुसरे असे की, या मापाचीच मर्यादा स्पष्ट झाली. झोप गाढ करणारे कोणतेही औषध खाजविणे कमी करील, मग त्याचा हिस्टामिनशी संबंध असो वा नसो. तेव्हा एखाद्या निद्राजनक हिस्टामिनविरोधी औषधाने रात्रीचे खाजविणे कमी झाले, तर श्रेय कोणत्या गुणाला द्यावयाचे? औषधाच्या अंगी दोन गुण एकत्र असेपर्यंत हा प्रश्न सुटण्यासारखा नव्हता.

६

सोडवणूक अनपेक्षित दिशेने झाली. मेंदूत जवळजवळ न शिरणारी, म्हणून झोप न आणणारी हिस्टामिनविरोधी औषधे १९८० च्या सुमारास उपलब्ध झाली. टर्फेनाडिन हे त्यांतील अग्रगण्य. वाहन चालविणाऱ्यांना व काम करणाऱ्यांना ती सोईची, म्हणून ती निघाली. पण संशोधकांच्या हाती त्यांच्या रूपाने एक हत्यार आले. दोन गुण आता वेगळे करता येत होते.

क्राउझे आणि शुस्टर यांनी १९८३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात याचा पहिला महत्त्वाचा उपयोग दिसतो. त्यांनी निद्राजनक ट्रायमेप्राझिन आणि झोप न आणणारी औषधे यांची तुलना केली. पित्ताच्या खाजेवर झोप न आणणारे टर्फेनाडिन उपयोगी पडले. इसबाच्या खाजेवर मात्र निद्राजनक औषधाचाच गुण दिसला. इसबात या औषधांचा जो काही उपयोग होतो, तो झोपेमुळे होतो, असा अर्थ यातून निघत होता.

यानंतरच्या चाचण्यांनी हाच निष्कर्ष दृढ केला. बर्थ-जोन्स आणि ग्रॅहम-ब्राउन यांनी १९८९ मध्ये टर्फेनाडिन इसबाची खाज कमी करण्यात अपयशी ठरल्याचे निबंधाच्या शीर्षकातच सांगितले. स्वीडनमधील वाल्ग्रेन व सहकाऱ्यांची १९९० मधील चाचणी अधिक शिकविणारी आहे. कारण तीत निद्राजनक क्लेमास्टिन, झोप न आणणारे टर्फेनाडिन आणि प्लासिबो हे तिन्ही परस्परांशी ताडून पाहिले होते. खाज कमी करण्याच्या बाबतीत प्लासिबोहून कोणतेही औषध स्पष्टपणे सरस ठरले नाही. हानुक्सेला व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये १७८ प्रौढ रोग्यांना सेटिरिझिन वेगवेगळ्या मात्रांत देऊन पाहिले. परिणाम दिसला तो दररोज ४० मिलिग्रॅम या मात्रेला, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या चौपटीला, आणि त्या मात्रेत हे औषधही झोप आणते. म्हणून हा अपवाद नियमालाच पुष्टी देतो, असे म्हणावयास हरकत नाही.

लहान मुलांचा प्रश्न सर्वांत नाजूक होता. इसब बहुधा बालपणी सुरू होतो. रात्री मूल खाजविते, रडते आणि घरातील कोणालाच झोप मिळत नाही. अशा वेळी झोप आणणारे औषध देण्याचा प्रघात अनेक देशांत पडलेला होता. मंडे व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये क्लोरफेनिरामिन हे त्यांतील एक जुने औषध १५१ मुलांत प्लासिबोशी ताडून पाहिले. रात्रीची खाज हाच ज्यांचा मुख्य त्रास, अशी ही मुले होती. औषध प्लासिबोहून अधिक उपयोगी ठरले नाही. निद्राजनक गुणाने तरी रात्र सुखाची जाते, ही शेवटची समजूतही येथे डळमळली. त्याच वर्षी रिचर्डसन व सहकाऱ्यांनी निरोगी माणसांत दाखविले की, बेनाड्रिलमधील द्रव्याने येणाऱ्या दिवसाच्या गुंगीला शरीर तीन-चार दिवसांतच सरावते. महिनोन्महिने टिकणाऱ्या रोगावर चार दिवस टिकणारा गुण कितपत पुरणार, हा प्रश्न त्यातून आपोआप उभा राहतो.

चित्राची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. जपानमध्ये कावाशिमा व हाराडा यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोठ्या चाचणीत, त्वचेवर लावावयाच्या स्टेरॉइड मलमाच्या जोडीला फेक्सोफेनाडिन दिले असता खाज प्लासिबोपेक्षा थोडी, परंतु संख्याशास्त्रीय दृष्ट्या निश्चितपणे, कमी झाली. फेक्सोफेनाडिन हे टर्फेनाडिनचेच शरीरात होणारे रूपांतर आहे. टर्फेनाडिन स्वतः हृदयाच्या लयीत घातक बिघाड करते असे आढळल्यावर १९९८ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून मागे घेतले गेले. तेव्हा हिस्टामिनचा इसबाशी काहीच संबंध नाही, असे म्हणणे अतिव्याप्त होईल. त्याचा वाटा लहान आहे, एवढेच सिद्ध होते.

विखुरलेल्या चाचण्या एकत्र करून तोलण्याचे कामही याच काळात झाले. क्लाइन आणि क्लार्क यांनी १९९९ मध्ये १६ चाचण्यांचा आढावा घेऊन, खाज शमविण्याच्या दाव्याला वस्तुनिष्ठ आधार फारच थोडा आहे, असे मत दिले. कॉक्रेन या संस्थेच्या २०१९ मधील आढाव्यात २५ चाचण्या आणि ३,२८५ रोगी आले. मलमांच्या जोडीला दिलेल्या औषधांपैकी फेक्सोफेनाडिनने खाजेत अल्प सुधारणा होत असावी. सेटिरिझिन व लोराटाडिन यांचा प्लासिबोहून अधिक लाभ दिसत नाही, असा त्याचा सारांश आहे. याच संस्थेने २०१३ मध्ये ही औषधे एकटीच दिल्यास काय होते याचा शोध घेतला, तेव्हा निकषांना उतरणारी एकही चाचणी मिळाली नव्हती. सहा दशके दिल्या गेलेल्या औषधाविषयी ही वस्तुस्थिती आहे, हे विचार करण्यासारखे आहे.

७

इसबाची खाज हिस्टामिनची नसेल, तर ती कशाची? या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा सह्याद्रीच्या रानातून जातो.

खाजकुयलीचा वेल महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. तिच्या शेंगांवरील सोनेरी तपकिरी लव अंगाला लागली की असह्य खाज सुटते. संस्कृतात तिला 'कपिकच्छू', म्हणजे वानराला कंडू आणणारी, आणि 'आत्मगुप्ता', म्हणजे स्वतःचे रक्षण स्वतः करणारी, अशी नावे आहेत. हिंदीतील 'केवाँच' या नावाच्या कुळातूनच इंग्रजीतील 'काउहेज' हा शब्द बनला. इंग्रजी भाषकांनी अपरिचित ध्वनींना गाईचे रूप दिले, एवढेच.

शेली आणि आर्थर या अमेरिकन संशोधकांनी १९५५ मध्ये या लवेतील खाज आणणारे द्रव्य प्रथिनांचे विघटन करणारे एक विकर असल्याचे दाखवून त्याला 'म्युक्युनाइन' हे नाव दिले. हिस्टामिनखेरीज दुसऱ्या मार्गाने खाज सुटू शकते, याचा हा ठळक पुरावा होता. हिस्टामिनविरोधी औषधे जेव्हा सर्वत्र पसरत होती, तेव्हाच तो प्रसिद्ध झाला. परंतु दोन्हींची सांगड दीर्घकाळ घातली गेली नाही. श्मेल्त्झ व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये माणसाच्या त्वचेत हिस्टामिनची खाज वाहून नेणारे विशिष्ट मज्जातंतू शोधून काढल्यावर खाजेचे स्वतंत्र मार्ग आहेत हे मान्य झाले. त्यानंतर २००७ मध्ये जोहानेक व सहकाऱ्यांनी निर्णायक तुलना केली. हिस्टामिनविरोधी गुण असलेले मलम अगोदर लावलेल्या त्वचेवर हिस्टामिनची खाज जवळजवळ नाहीशी झाली. खाजकुयलीची खाज होती तशीच राहिली. दोन्हींचे मज्जातंतूही वेगवेगळे निघाले. पुढील वर्षी रेड्डी, लर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्युक्युनाइन त्वचेतील कोणत्या ग्राहींना चेतविते, हे दाखविले. या वर्गातील ग्राहींचा इसबाच्या त्वचेशी संबंध असल्याचे श्टाइनहोफ व सहकाऱ्यांनी २००३ मध्येच नोंदविलेले होते.

इसबाच्या बाबतीत प्रत्यक्ष पुरावा रुकविड व सहकाऱ्यांनी २००० मध्येच दिला होता. त्वचेतील मास्ट पेशी चेतविल्या असता त्यांतून हिस्टामिन आणि इतर द्रव्ये सुटतात. निरोगी माणसात यामुळे येणारी खाज हिस्टामिनविरोधी औषधाने थांबली. इसबाच्या रोग्यांत ती थांबली नाही. म्हणजे त्याच पेशीतून सुटणारे दुसरेच काही त्यांना खाजवीत होते. इंटरल्युकिन-३१ या संदेशद्रव्याचे वर्णन २००४ मध्ये झाले. ते ज्या उंदरांच्या शरीरात अधिक निर्माण होई, त्यांना तीव्र खाज व त्वचेचा दाह होत असे. त्याच्या ग्राहीला अडविणारे नेमोलिझुमॅब हे औषध जपानमध्ये २०२२ साली इसबाच्या खाजेसाठीच मान्य झाले. या औषधाच्या चाचण्यांत खाज हेच मुख्य माप धरलेले होते. बेनिएच्या १८९२ मधील मताकडे वैद्यक अशा रीतीने सव्वाशे वर्षांनी परत आले.

८

या इतिहासातून निघणारे निष्कर्ष थोडक्यात असे मांडता येतील. हिस्टामिनविरोधी औषधे खोटी नव्हती. पित्त, परागांमुळे होणारे पडसे यांवर त्यांचा गुण निःसंशय आहे. इसबाच्या खाजेवर त्यांचा उपयोग नाममात्र आहे, आणि तो जेथे मोठा वाटला तेथे बहुतांशी झोपेचा परिणाम होता. ब्रिटनमधील २००७ च्या आणि अमेरिकेतील २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ही गोष्ट मान्य केली. ही औषधे इसबात सरसकट देऊ नयेत. त्रासाने झोपच मिळत नसेल, तर निद्राजनक औषध थोडे दिवस देऊन पाहण्यास हरकत नाही, असा त्यांचा आशय आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. रोग्याला झोप मिळाली, तर ती कोणत्या गुणामुळे मिळाली याची चिकित्सा कशाला? रात्रभर जागलेल्या आईच्या दृष्टीने हा प्रश्न निरर्थक वाटेल, आणि तिच्या अनुभवाचा अनादर करण्याचे कारण नाही. परंतु दोन उपचारांत भेद न केल्याचे मोल पुष्कळ मोठे होते. झोपेला खाजेचा उपाय मानले गेले, म्हणून खाजेचा खरा उपाय शोधण्याची निकड भासली नाही; आणि ज्या त्वचेला मलमाची व ओलाव्याची गरज होती, तिच्या वाट्याला पुष्कळदा केवळ गोळी आली. मुलांच्या बाबतीत तर गुंगी हा परिणाम असताना तो उपचार समजला गेला.

खाज हा शब्द एक आहे. त्या शब्दाखाली येणाऱ्या घटना एकाहून अधिक आहेत. खाजकुयलीने अंग खाजते, पित्ताने खाजते आणि इसबानेही खाजते, असे मराठी मनुष्य एकाच क्रियापदाने सांगतो, आणि व्यवहाराला ते पुरते. शास्त्रज्ञांनीही तेवढ्यावर समाधान मानले, तेव्हा चूक झाली. ती चूक सुधारण्यासाठी लागलेली सामग्री पाहिली, तर तीत झोप न आणणारी एक गोळी, रात्री हातापायांना बांधलेले एक माप आणि रानातल्या एका शेंगेची लव एवढेच प्रामुख्याने दिसते. यांपैकी लव सर्वांत जुनी आणि सर्वांना ठाऊक असलेली होती. तिच्याकडे पुरावा म्हणून पाहण्यास मात्र सर्वांत अधिक काळ लागला.